उकिरड्यावरची राख

पुसेलेत्सोनं वाफ्यातल्या भोकात कोपरापर्यंत हात घातला आणि आत चाचपून पाहिलं. हाड नाही, केसांचा गुंता नाही, गाठ मारलेलं फडकं नाही. तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

"आजही?" नवरा, मोखेथी, घोंगडी सावरत दारात आला.

"कालपेक्षा मोठं. आणि कोबीची रोपं बघ, ओल्या गवतात नीट गुंडाळून ठेवलीत. चोर असली उठाठेव करतो होय?"

"पण म्हातारी मा-लिनेओच कशावरून?"

"मी उकिरड्यावरून राख आणायला लागले तशी ती वाटेत उभी राहायला लागली. हाक नाही, विचारपूस नाही. पाटीकडे बघते, मग माझ्या पोटाकडे."

त्या उतारावरची चिकणमाती म्हणजे शिक्षाच. भिजली की पायाला गोळे, वाळली की कुदळ उसळून येते. पुसेलेत्सोनं वाफ्यासाठी दगडांची कंबरभर गोल भिंत रचली, तळाला गंजके डबे घातले, वर चिकणमातीत शेणखत आणि गावाच्या जुन्या उकिरड्याची राख कालवून भरली. आता मूठ उघडली की माती भुरभुर सुटत होती. मासेरूच्या बाजारातून आणलेली रोपं तरारली होती. आणि आता हे.

मागचं बाळ पोटातच गेलं तेव्हा गावानं करणी म्हणून मा-लिनेओकडेच बोट दाखवलं होतं. बोट दाखवायला एकटी म्हातारी बरी पडते. तिच्या बाजूनं भांडायला कोणी येत नाही.

"मुख्याकडे जातो," मोखेथी म्हणाला. "हाकलूनच देऊ गावातून."

"आधी मला तिला रंगेहाथ धरू दे."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना पुसेलेत्सो भिंतीआड बसली. म्हातारी आली. तिनं एकेक रोप मुळासकट काढून गवतात ठेवलं आणि माती मूठमूठ घेऊन बोटांतून सोडायला लागली.

"काय पुरतेस गं, थेरडे?"

म्हातारी दचकली नाही. "पुरत नाही. शोधते."

"माझ्या वाफ्यात?"

"राख कुठल्या अंगाची काढलीस? झुडपाजवळची ना?"

"राख ती राख! तिला कसलं आलंय अंग?"

"झुडपाजवळचीच. खड्डा बघून आले मी." तिनं पुढची मूठ भरली. "तिथं लिनेओ होती."

ह्या गावात सुनेला लग्नाच्या दिवशीच होणाऱ्या पोराचं नाव चिकटवतात, अमकीची आई म्हणून. म्हातारी जन्मभर लिनेओची आई होती. लिनेओ कोण, हे तिला एकानंही विचारलं नव्हतं.

श्वास न घेतलेल्या लेकराला तेव्हा कबर नसे. मडक्यात घालायचं आणि उकिरड्याच्या राखेत ठेवायचं. रडायचं नाही, नाव काढायचं नाही. म्हणे पुढच्या पोराला बाधतं. हे ठरवणाऱ्यांत एकही बाळंतीण नव्हती.

"वाटेत उभी राहायचीस तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगून? तुझं पोट पुढं आलेलं. मी तोंड उघडलं असतं तर तूच मुख्याला बोलावलं असतंस."

मोखेथी काठी घेऊन धावत आला. "सापडली ना! धरून ठेव तिला, मी गाव गोळा करतो."

"काठी टाक," पुसेलेत्सो म्हणाली. "घरात जा."

तो बघत राहिला. ती म्हातारीकडे वळली.

"मडकं केवढं होतं, आजी?"

म्हातारीनं मातीनं भरलेले दोन्ही हात वर केले आणि मधे थोडी जागा सोडून धरले. "एवढंसं. काठाला लाल पट्टा."

राख काढताना कुदळीखाली फुटलेली लाल पट्ट्याची ती खापरं पुसेलेत्सोनं निचरा व्हावा म्हणून स्वतःच तळाला अंथरली होती, डब्यांच्या शेजारी. ती वाकली, आणि भिंतीचा सगळ्यात वरचा दगड उचलून खाली ठेवला.