अर्ध्याची पाव

सासऱ्यांना चिठ्ठीवरचं औषध मोठ्याने वाचायची सवय होती. त्यांचं म्हणणं, तोंडाने उच्चारलं की हात चुकत नाही. त्यांचं मेडिकल छोटं, पण आवाज खणखणीत. कुणाला काय झालंय ते समोरच्या चपलांच्या दुकानापर्यंत पोचायचं. त्यामुळे मूळव्याधवाले बिचारे दुकान रिकामं होईपर्यंत टूथपेस्ट न्याहाळत उभे राहायचे.

सून त्याच दुकानात फार्मासिस्ट होती. स्वतःची गोळी मात्र ती बसने जाऊन गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मेडिकलमधून आणायची. तिचं नैराश्य लग्नाआधीपासूनचं. गोळीने ते आटोक्यात होतं आणि नवऱ्याखेरीज घरात कुणाला पत्ता नव्हता. गरोदरपणात मनोविकारतज्ज्ञ बाई म्हणाल्या होत्या, "चालू ठेवा. मध्येच सोडलीत तर तुम्हालाही त्रास आणि बाळालाही. तुमची ही गोळी पाजतानाही चालेल. बाळ फार झोपाळू वाटलं, दूध नीट ओढेनासं झालं, तर लगेच कळवा." तिने मान डोलावली होती.

पण मुलगी झाली आणि गोळ्यांच्या खोक्यातला सूचनांचा घडीचा कागद तिच्या मानगुटीवर बसला. 'दूध पाजणाऱ्या मातांनी...' एवढंच वाचून ती कागद मिटून टाकायची. कंपन्या असे कागद आपल्यावर बालंट नको म्हणून छापतात, हे ती गिऱ्हाइकांना रोज समजावून सांगायची; स्वतःच्या वेळी मात्र अक्कल गहाण पडली. दुकानातल्याच कटरने तिने गोळीची अर्धी केली, मग अर्ध्याची पाव. बाईंना विचारलं नाही. विचारलं तर त्या म्हणतील, कशी आई आहे ही, स्वतःला सावरता येत नाही. आता वरच्या मजल्यावर सासूबाईंजवळ पोरगी रडायची आणि हिच्या आत काहीच हलायचं नाही. त्याची तर तिला सगळ्यात जास्त लाज वाटायची.

त्या दुपारी एक बाळंतीण आली, खांद्यावर तान्हं घेऊन. सासऱ्यांनी चिठ्ठी घेतली आणि नेहमीसारखी वाचली. गोळी तीच होती, लिहून देणाऱ्या बाईही त्याच.

"सूनबाई, ती डिप्रेशनची गोळी काढ गं!"

रांगेतल्या माना वळल्या. बाळंतिणीने बाळाच्या टोपड्यात तोंड लपवलं. बाबांना आवरायला हवं होतं, पण सून मुकाट्याने कपाटाकडे वळली. तिला स्वतःची किळस आली.

"ताई," बाळंतीण पुटपुटली, "मी अंगावर पाजते. चालेल ना?"

"पाजताय हे बाईंना माहितीये ना? मग बिनधास्त घ्या. आपल्या मनाने कमी-जास्त करू नका, बंद तर मुळीच करू नका." सगळं पोपटासारखं तोंडातून आलं.

"तुम्ही माझ्या जागी असता तर घेतली असती?"

सोपं होतं. हो म्हणायचं, पाकीट हातात द्यायचं आणि पुढच्याला हाक मारायची. पण ती बाळंतीण खरंच उत्तराची वाट बघत होती.

"मलाही हीच गोळी आहे," सून म्हणाली. "बाईंनी सांगूनही मी ती कापून कापून पाव केली. माझं काही बरं चाललेलं नाही. तुम्ही असं करू नका."

सासऱ्यांचा हात गल्ल्यावरच थांबला. "काय म्हणालीस?"

"खरं तेच म्हणाले, बाबा."

त्यांनी चष्मा काढला आणि उगीच पुसत बसले. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं तिला झालं.

"मग लावा ना बाईंना फोन," बाळंतीण म्हणाली. "मी थांबते. मला कुठे घाई आहे!"

सुनेने काउंटरवरचा फोन उचलला. चिठ्ठीवरचं अक्षर लागलं नाही की ती बाईंच्या दवाखान्यात नेहमीच फोन करायची. तिथल्या मुलीला मेडिकलचा नंबर पाठ होता.

"बोला ताई! आज कुठल्या पेशंटची चिठ्ठी अडलीये?"

सासरे चष्मा न लावताच तिच्याकडे बघत होते.

"पेशंट मीच आहे," ती म्हणाली.