मला गदगदा हलवू नका

मित्रांनो, मी एक जुनं प्रथिन आहे. हर्पिस हे आमचं आडनाव ऐकलं की लोक हात धुवायला पळतात. पण घाबरू नका. मी अख्खा विषाणू नाही, त्याच्या अंगरख्यावरचं नुसतं एक बटण आहे. बटणानं कुणाला ताप येत नाही.

खरं तर त्या अंगरख्यावर मी कधी बसलोही नाही. ग्रीसमधल्या थेसालोनिकीच्या एका प्रयोगशाळेत अनेस्तिस नावाच्या संशोधकानं माझी कृती सुरवंटाच्या पेशींना शिकवली आणि त्यांनी मला विषाणूशिवायच घडवलं. मग मला गाळलं, धुतलं, वाळवून पूड केली आणि आठ कुप्यांत भरलं. आम्ही कोट्यवधी जण, पण सगळे हुबेहूब सारखे, म्हणून मी आपला ‘मी’च म्हणतो. माझा सगळा गुण माझ्या घडीत आहे. घडी मोडली की मी कवडीमोलाचा. म्हणून अनेस्तिसनं कुप्यांच्या डब्यावर चिठ्ठी लावली होती, ‘हलवू नका.’

सुरुवातीची वर्षं कौतुकात गेली. आमच्या विषाणूला एक भावंड आहे, ओठांवर फोड आणणारं. दोघांची बाकीची बटणं इतकी सारखी की भलेभले फसतात. मी मात्र वेगळा. त्यामुळे आमचा विषाणू कुणाच्या अंगात येऊन गेला, ते माझ्यावरून कळतं, कारण त्याचं रक्त मला ओळखतं. सहा कुप्या अशा कामी आल्या. मग अनेस्तिस दुसऱ्या गावी गेला आणि उरलेल्या दोन कुप्यांत मी फ्रीझरच्या तळाशी नऊ वर्षं पडून राहिलो. डब्यावरची चिठ्ठी बर्फानं कधी गळून पडली, कुणाला कळलंही नाही.

मला बाहेर काढलं त्याच प्रयोगशाळेतल्या एव्दोकिया नावाच्या विद्यार्थिनीनं. तिनं तीन वर्षं खपून ही दोन भावंडं वेगळी ओळखणारी स्वस्त चाचणी तयार केली होती आणि गुरुवारी दुपारी ती परीक्षकांपुढे चालवून दाखवायची होती. बाहेरून मागवलेलं प्रथिन वाटेतच अडकलं. आता माझ्यावाचून चाचणी नाही आणि चाचणीवाचून वर्ष वाया.

गुरुवारी सकाळी तिनं एक कुपी पाण्यात विरघळवायला प्रोद्रोमोसकाकांच्या हाती दिली. काका तिथले सगळ्यात जुने सहायक. रोज दहाला अख्ख्या मजल्याला फ्रापे पाजायचा मान त्यांचा. पाणी, कॉफी, साखर झाकणाच्या पेल्यात घालून ते असा काही पेला हलवत की वर बोटभर फेस उभा राही. तीस वर्षांचा मुरलेला हात! कुपीत पाणी पडलं आणि तो आपोआप सुरू झाला.

“बघ पोरी, काय फेस आलाय!”

“काका! अहो, ती कॉफी आहे का?”

फेसात माझी घडी मोडते, मित्रांनो. त्या कुपीतला मी तिथेच संपलो. आता होतो तेवढा दुसऱ्या कुपीत.

“तोडून टाक माझे हात,” म्हणत काका स्टुलावर मटकन बसले.

एव्दोकियाला रडू आलं, ते तिनं गिळलं. शेवटची कुपी उचलली. मग तिनं ती काकांपुढेच धरली.

“तुम्हीच करा.”

“वेड लागलंय का तुला? आत्ता काय केलं मी, पाहिलंस ना?”

“पाहिलं. म्हणूनच म्हणते. आता तुमच्याइतका घाबरलेला माणूस या इमारतीत दुसरा नाही.”

काकांनी कुपीच्या कडेकडेनं थेंब थेंब पाणी सोडलं. मग श्वास रोखून तिला इकडे कलंडवलं, तिकडे कलंडवलं. दहा वाजून गेले, तशी दारात माणसं जमली.

“काय हो, आज कॉफी नाही?”

“नाही. आणि दार आपटू नका, बाळ झोपलंय.”

बाळ म्हणजे मी! नऊ वर्षं कुणी माझं नावही घेतलं नव्हतं. मला अगदी भरून आलं.

दुपारी मी प्लॅस्टिकच्या पट्टीतल्या वीस खळग्यांना चिकटून बसलो होतो. परीक्षकांनी आणलेले वीस जणांच्या रक्ताचे नमुने एकेका खळग्यात पडले, नंतर रंगाचं औषध पडलं. बराच वेळ काहीच होईना. एव्दोकियानं काकांचा हात घट्ट धरला. आणि मग एकेक करून सात खळगे पिवळे झाले. बाकीचे तेरा पाण्यासारखे नितळ राहिले. आमचा विषाणू कुणाकुणाच्या अंगात येऊन गेला, याची आपल्याजवळची यादी परीक्षकांनी ताडून पाहिली. सातही बरोबर! काका हसता हसता डोळे पुसत होते.

खळग्याला एकदा चिकटलो की परत कुपीत जाता येत नाही. थोड्या वेळानं ही पट्टी कचऱ्याच्या पिशवीत जाईल. त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. वाईट वाटायचं ते फ्रीझरच्या तळाशी. तेव्हा मित्रांनो, आम्हाला जपा, पण जपून ठेवता ठेवता विसरू नका. आणि कुणाच्या हातून काही सांडलं-मोडलं, तर पुढची कुपी त्याच्याच हातात देऊन बघा.