पाल म्हणजे दूध

तिवशाच्या जानराव मास्तरांना शब्दांचं वेड होतं, आणि ते त्यांना एका बाईनं लावलं होतं. बायको बाळंतपणात गेली तेव्हा त्यांची लेक जमुना चार दिवसांची होती. त्यांच्या शेतात मजुरीला येणाऱ्या मैनाबाई गोंडणीचं तान्हं त्याच आठवड्यात दगावलं होतं. तिनं जमुनाला पदराखाली घेतलं आणि दोन वर्षं पाजलं.

‘‘आमच्यात दुधाले पाल म्हनते, मास्तर,’’ ती एकदा म्हणाली.

मास्तर चकितच झाले. आपल्याकडं पाल अंगावर पडली की माणूस अंघोळीला पळतो. कौंडण्यपूरच्या यात्रेत उतरायला कापडाचं ठोकतात, तेही पालच. मग एका तेलंगी गवंड्यानं सांगितलं, त्यांच्यात दुधाला पालू म्हणतात. गोंडी आणि तेलुगू या बहिणीबहिणी आहेत हे मास्तरांना तेव्हा कळलं. अमरावतीचे एक प्रोफेसर म्हणाले, गोरा साहेब दोस्ताला पॅल म्हणतो, आणि तो शब्द त्यानं भटक्या जिप्सींकडून उचलला. त्यांच्यात त्याचा अर्थ भाऊ.

एवढ्याशा शब्दावर मास्तरांनी अख्खा लेख लिहिला. नागपूरच्या मासिकात तो छापूनही आला. त्यात प्रोफेसरांचं नाव होतं, गवंड्याचं गाव होतं. मैनाबाई मात्र ‘एक गोंड मजूर स्त्री’ होती. मास्तरांना त्यात काही वावगं वाटलं नाही, याचाच राग येतो.

सोळाव्या वर्षी जमुनाचं लग्न अकोल्याच्या खुशालरावांच्या मुलाशी ठरलं. लग्नात मुलाकडचे मुलीच्या आईला पोटझाकणीचं लुगडं देतात, आईपणाचा मान म्हणून.

‘‘बाबा, ते लुगडं मैनामायले भेटलं पायजे,’’ जमुना म्हणाली. ‘‘दुसरं काई नोका देऊ मले.’’

‘‘पाहू,’’ मास्तर म्हणाले. गोंडणीचं नाव घेतलं तर अकोलेकर भर मांडवातून उठतील, अशी त्यांना भीती होती.

लग्न लागलं. खुशालरावांनी लुगडं हातात घेऊन विचारलं, ‘‘मायच्या जागी कोन?’’

मैनाबाई मांडवाबाहेर, खरकटी भांडी घासायच्या जागी उभी होती. धुतलेलं लुगडं नेसून आली होती. मास्तरांनी तिच्याकडं पाहिलं, आणि उपरणं सावरत बसले. तेवढ्यात त्यांची बहीण दुर्गाबाई पुढं झाली आणि तिनं पदर पसरला. जमुनानं बापाकडं एकदाच पाहिलं. निघताना ती पाया पडली, पण बोलली नाही.

ते न बोलणं मास्तरांना सोसेना. दोन दिवसांनी त्यांनी अमरावतीहून चांगलं जरीकाठी लुगडं आणलं आणि मैनाबाईच्या झोपडीशी गेले. ती तुरी निवडत होती.

‘‘हे तुह्यं,’’ मास्तर म्हणाले.

तिनं काठावरून हात फिरवला. ‘‘हे पोरीच्या सासरून येत असते, मास्तर. इकत आनत नाई कोनी.’’

‘‘तूच तिची माय हायेस, मैना.’’

‘‘मले मालूम हाये. अकोलेवाल्यायले मालूम नाई.’’

तिनं लुगड्याची नीट घडी घातली आणि त्यांच्या हातात परत दिली. मास्तरांना शरमेनं वर बघवेना.

‘‘जमुना जातानी जेवली होती काय?’’ तिनं विचारलं.

मास्तरांना ते माहीत नव्हतं.