डबे उडवायला

"घरात ठेवायला हवंय, की पर्समध्ये?" कर्टने विचारलं, आणि हिल्मा कांगसचं डोकं तिथेच तापलं.

अजून तिने हातमोजेसुद्धा काढले नव्हते. दुकान कर्टच्या बापाचं. पुढे खिळे, रंगाचे डबे, बर्फ ओढायची फावडी. मधे मासे धरायचे गळ. आणि पार मागे, कॉफीच्या यंत्राशेजारी, काचेच्या कपाटात रिव्हॉल्व्हरं. बाहेर ऑक्टोबरातली बर्फाची भुरभुर चालू होती, अजून जमिनीवर टिकत नव्हती.

"डबे उडवायला हवंय," ती म्हणाली.

"हो, ते झालंच. पण मुख्य कारण?"

"हेच मुख्य कारण. टोमॅटोचे डबे, वाटाण्याचे डबे. बर्निस मांजराच्या खाण्याचे आणते. ते बुटके असतात, त्यांना नेम धरायला जास्त मजा येते."

कर्ट हसला. अजून शाळेतही न जाणारं पोर मी डॉक्टर होणार म्हणालं की माणसं हसतात, तसं. "काळजी करू नका मिसेस कांगस, इथून बाहेर काही जात नाही. एकट्या बायकांना वाटतंच. हल्ली दिवसही तसे आहेत."

"कसे आहेत?"

"म्हणजे… तसे."

दिवस कसेही असोत, रविवारी चर्च सुटलं की हिल्मा आणि बर्निस गावामागच्या खडीच्या खाणीत जात, हे साऱ्या गावाला माहीत होतं. आधी चौघं जात. मग बर्निसचा नवरा गेला, मग हिल्माचा आर्वो गेला, आणि राहिल्या दोघी. फळीवर डबे मांडायचे, कानांत बोळे घालायचे, पॉइंट टू टूची बारकी गोळी, आणि डबा फळीवरून टण्णकन उडाला की जी हरली तिने कॉफी पाजायची. फुकटची कॉफी वेलदोड्याच्या ब्रेडपेक्षा गोड लागते, असं म्हणायची आर्वोला सवय होती. यात भीतीचा संबंध कुठे आला? एखादी बाई विणकामाच्या सुया घ्यायला गेली तर तिला कुणी विचारतं का, की कुणाच्या पोटात खुपसणार?

पण खरं कारण तिला सांगता येत नव्हतं, आणि राग त्याचाही होता.

आर्वोचं रिव्हॉल्व्हर घरात होतं, चांगलं होतं. फक्त ते जुन्या चालीचं. दर गोळीला अंगठ्याने घोडा मागे ओढायचा, तेव्हा कुठे चाप चालायचा. आणि या उन्हाळ्यात हिल्माच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी असं काही दुखायला लागलं होतं, की बरणीचं झाकणसुद्धा ती दाराच्या फटीत धरून उघडायची. तिला हवं होतं डबल अॅक्शन. त्यात चाप ओढत नेला की घोडा आपोआप मागे जातो आणि पडतो. अंगठ्याला सुट्टी, सगळं काम बोटाचं.

हे कर्टला सांगितलं असतं तर संध्याकाळच्या आत तिच्या मुलाच्या कानावर गेलं असतं. कर्ट आणि डेल एकाच संघात हॉकी खेळायचे. आणि डेल बाप गेल्यापासून आईविरुद्ध पुरावे गोळा करत होता. एकदा गाडीचे दिवे चालू राहिले; पुरावा. एकदा नातवाला धाकट्याच्या नावाने हाक मारली, पुरावा. प्रत्येक पुराव्याचा शेवट एकच: "आई, आता तू आमच्याकडे ये. तळघरातली खोली रिकामीच आहे." भीती म्हणावी तर जाळ्यात, अंगठा म्हणावा तरी जाळ्यात.

कर्ट कपाटाची किल्ली आणायला म्हणून आत गेला, जरा वेळाने परतला, आणि कपाटातून एक जांभळ्या मुठीचं, आखूड नळीचं काढून त्याने तिच्यापुढे ठेवलं.

"हे बायकांत फार चालतं."

"कुठल्या बायकांत?"

"बायकांत. साधारण." कर्टच्या मानेवर लाली चढली. "हलकं आहे, पर्समध्ये मावतं…"

"याने डब्याला नेम धरायचा तर डब्याच्या मांडीवर जाऊन बसावं लागेल, कर्ट. ते खालचं काढ. पोलादाचं."

"ते जड आहे हो."

"मग माझ्या चुलीची लाकडं कोण फोडतं असं वाटतं तुला?"

तिने पोलादी रिव्हॉल्व्हर घेतलं, आधी चक्री उघडून रिकामी असल्याचं स्वतः पाहिलं, मग त्याला दाखवलं. ही सवय आर्वोच्याही आधीची, तिच्या बापाची.

"एक सांगू का," कर्ट समजुतीने म्हणाला, "बारक्या गोळीची दारू तिच्या कडेत असते, म्हणून घोड्याला जोरात आपटावं लागतं. त्यामुळे चाप कडक असतो. आणि रिकामं चालवू नका हं, आतली कड—"

हिल्माने पर्समधून प्लास्टिकचे पिवळे प्लग काढले होते. स्क्रू घट्ट बसावा म्हणून भिंतीत ठोकतात तेच. पॉइंट टू टूच्या भोकात ते असे बसतात की जणू त्याचसाठी केलेत. घोडा प्लास्टिकवर पडतो, पोलादाला इजा नाही. खाणीवरच्या सगळ्यांच्या खिशात असायचे.

"हे तुझ्याच दुकानातले," ती म्हणाली. "आता गप्प बस, मला बघू दे."

आधी तिने न्यायाने जांभळ्यालाही संधी दिली. चाप अर्ध्यात अडला, मग हिसका देऊन सुटला. नळी गाईच्या शेपटीसारखी हलली. मग पोलादी. नळी खालच्या वाळूच्या पिंपाकडे धरून तिने बोटाच्या पेरात चाप घेतला आणि ओढला. जड होता. पण कुठे अडला नाही. बिजागऱ्यांना तेल दिलेलं मोठं दार लोटावं तसा सरकत गेला, आणि अंगठा सुखाने बाजूला पडून राहिला. तिने परत ओढला. उगाच परत एकदा.

"हेच," ती म्हणाली. "फक्त नळी लांब हवी."

"लांब कशाला? तसंही बर्फ पडायच्या आत तुम्ही डेलकडे जाणार. तिथे पोरं आहेत, मी म्हणतो कुलपाची पेटी आधी…"

"कोण जाणार?"

कर्टने कॉफीच्या यंत्राकडे पाहिलं.

"कर्ट. कोण जाणार?"

"म्हणजे माझा मेव्हणा मंगळवारी तुमच्या घराचे विक्रीसाठी फोटो काढायला येतोय ना… मला वाटलं तुम्हाला…"

हिल्माने रिव्हॉल्व्हर हळूच काचेवर ठेवलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं, पण रिव्हॉल्व्हर आपटायचं नसतं. म्हणजे कर्टला माहीत, कर्टच्या मेव्हण्याला माहीत, मेव्हण्याच्या बायकोला म्हणजे अख्ख्या गावाला माहीत. घर कुणाचं, तर हिल्माचं. आणि तेवढं हिल्माला माहीत नाही.

दारावरची घंटा वाजली. डेल आत आला, टोपीशिवाय, केसांवर पाणी. कर्टने मघाशी किल्ली आणायला म्हणून जाऊन कुणाला फोन केला होता ते आता उघड झालं.

"आई, भीती वाटत होती तर मला सांगायचं. बंदूक घ्यायला कशाला यायचं?"

"भीती! तुम्हा सगळ्यांना एकच शब्द येतो का रे? मला मजा करायला हवंय. म-जा. तू त्या हॉकीच्या काठीवर एवढे पैसे उडवलेस, तेव्हा तुला कुणी विचारलं, डेल, कुणापासून घाबरलास बाबा?"

"मग बाबांचं आहे की घरात. ते का नाही चालत?"

झालं. खोटं सुचत होतं. स्प्रिंग गेली, गंज चढला, काहीही. पण मंगळवारच्या फोटोंनी तिच्या तोंडाला अशी चव आली होती, की तिने उजवा हातमोजा ओढून काढला आणि हात त्याच्या नाकासमोर धरला.

"हा बघ. अंगठा गेला. घोडा ओढवत नाही. पुरे?"

डेलचा चेहरा मऊ झाला. जिंकलेल्या माणसाचा होतो तसा. "आई, मी हेच तर म्हणत होतो…"

"काय म्हणत होतास? अंगठा दुखतो म्हणून घर विकायचं? तुझा गुडघा गेला तेव्हा मी तुझं घर विकायला काढलं? तू खेळणं सोडलंस? पट्टा बांधून जातोस बर्फावर, आणि तुझी बायको शेकायची पिशवी घेऊन मागे. तो पट्टा, तसं हे." तिने पोलादी रिव्हॉल्व्हरवर बोट टेकवलं.

"आणि उद्या बोटही गेलं तर?"

"तर दगड मारीन."

कर्टच्या नाकातून आवाज निघाला. डेलने त्याच्याकडे असं पाहिलं की तो लगबगीने जांभळं पुसायला लागला.

"हसण्यावारी नेऊ नकोस, आई. तू एकटी पडलीस, पाय घसरला, कुणाला कळलं नाही…" त्याचा आवाज मधेच फाटला. चाळिशी उलटलेला, दाढीत पांढरं आलेला हा बाप्या, बापाला बाथरूमच्या फरशीवर पडलेलं त्यानेच पहिल्यांदा पाहिलं होतं. हिल्माला ते आठवलं. त्याचे गाल पुसावेत असं वाटलं, आणि त्याच वेळी त्याच्यावरचा राग जराही कमी झाला नाही. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं, हे तिला तो दोन वर्षांचा असल्यापासून ठाऊक होतं.

"भीती तुला वाटते, डेल," ती हळू बोलली. "वाटू दे. रोज सकाळी फोन कर, मी उचलीन. न्हाणीत धरायला दांडी लाव, मी नाही म्हणणार नाही. पण तुझ्या भीतीपायी मी माझं घर रिकामं करणार नाही. आणि ते गावभर मला सोडून सांगितलंस, याची लाज तुला वाटली पाहिजे."

डेल खाली बघत राहिला. बुटांभोवती पाणी साठलं होतं.

"लांब नळीचं कधी येईल?" तिने कर्टला विचारलं.

"मागवावं लागेल. आता सीझन… बर्फ वितळेपर्यंत नाही यायचं. एप्रिल उजाडेल." आणि कर्टचे डोळे, सवयीने, डेलकडे गेले.

हिल्माने काचेवर टकटक केलं. "इकडे बघ. गिऱ्हाईक मी आहे. एप्रिल तर एप्रिल. तोवर बर्निसचं मागून घेईन. मागव."

"आलं की फोन कुठे करू?"

"घरी. नंबर तोच आहे, आर्वो असतानाचा." मग ती मुलाकडे वळली. "त्या फोटोवाल्याला तू सांगतोस, की मंगळवारी तो दारात आला की मी सांगू?"

डेलने गालावरून हात फिरवला. "मी सांगतो," म्हणाला, आणि खिशातून फोन काढत बाहेर गेला. काचेतून तो दिसत होता. एका पायावर भार देऊन, दुखरा गुडघा सैल सोडून, मान खाली घालून बोलणारा. वरून भुरभुर चालूच होती.

"मूठ रबराची," हिल्मा कर्टला म्हणाली. "आणि काळी. जांभळी आलेली दिसली तर परत पाठवीन."