खलाशी बँडचं गाऱ्हाणं

"ता नेपाळी नको," सत्यवानकाका म्हणाले. जत्रेच्या मंचावरच्या माइकची दांडी त्यांनी हातातच ठेवली होती. "मालवणी म्हणा. लोका जत्रेक इली हत."

संजना देवबागात जन्मली. बाप नेपाळचा, सत्यवानकाकांच्याच बोटीवर खलाशी. बँडचं नावही खलाशी. गिटार समर्थची, पखवाज लवूचा, गाणी तिची, अर्धी मालवणी, अर्धी नेपाळी.

"काकानूं, माझो बापूस तुमचीच जाळी वडता."

"मगे वडूंदे. गाऱ्हाणा आमी घालतंव."

समर्थने तारा पिळल्या. "आजचो दिवस सोड गो. माका हयच रवाचा आसा."

"आणि माका खंय जावचा आसा?"

मुखडा.

गिटार फाटक्या आवाजात, खाली लवूचा भजनी ठेका. संजनाने गाऱ्हाणंच घातलं, देवळात मानकरी देवाकडे मागणं मागताना घालतात तसं, लांब श्वासात. बा देवा म्हाराजा, होडयेक वारो दी.

व्हय म्हाराजा, खुर्च्या म्हणाल्या.

जाळ्याक म्हावरा दी.

व्हय म्हाराजा. म्हातारे हसले. पोरगी बरी म्हणते.

अंतरा.

तीच चाल, न थांबता: हे देवता, समुद्रमा गएकालाई घर पुर्‍याइदेऊ.

व्हय म्हाराजा.

लोकांच्या तोंडून गेलं. लहानपणापासूनची सवय, ओळ संपली की म्हणायचंच. मग माना वळल्या. समुद्रात गेलेल्यांना घरी पोचव, एवढंच होतं त्यात. पण नेपाळीत म्हटलं म्हणजे कुणाला, कुठल्या घरी, ते सगळ्यांना कळलं.

पुढच्या रांगेत खुर्ची आपटली. "आमच्या तोंडान वदवतस काय गो? उतर खाली."

सत्यवानकाकांनी जनरेटर बंद केला. समर्थने गिटार उतरवली. लवूचे हात पखवाजावर होते, पण वाजवत नव्हते.

दुसरा अंतरा तिने माइकशिवाय म्हटला. ओळ. मग नुसता समुद्र. ओळ. मग कुणाचं तरी खोकणं.

"बहादूर," सत्यवानकाकांनी मागे हाक मारली, "वायरी गुंडाळ."

खुर्च्यांपलीकडे वाळूत उभा असलेला तिचा बाप पुढे आला. बोटीवरचा दोर गुंडाळतात तशी कोपरावर वेटोळी घेत राहिला, तिच्याकडे न बघता. गिटारची वायर. स्पीकरची. माइकची शेवटची राहिली, ती तिच्या पायाखाली होती.

"वड रे. बघतस काय?"

त्याने ओढली नाही. वेटोळं मांडीवर घेऊन तो तिच्या पायाशी फळीवर बसला, तिचं गाणं संपेपर्यंत.