बाईंचे कान

“जवळ कशाला बोलावता? जागेवरूनच वाचू द्या की मुलांना,” मागच्या बाकावरून मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणाल्या. पहिलीच्या बाईंनी हे वाक्यसुद्धा ऐकलं नव्हतं, त्यांच्या ओठांवरून उचललं होतं.

दोन वर्षांपासून कान दगा देत होते. दगा तरी कसा, तर स्वर ऐकू येत आणि व्यंजनं गायब! जन्मभर मुलांना इंग्रजी व्यंजनांचे आवाज शिकवले, नेमकी तीच रुसून बसली. कानाला यंत्र लावून पाहिलं, तर ते मेलं नुसती शिट्टी मारायचं. पण बाईही काही कच्च्या गुरूच्या चेली नव्हत्या. मूल जवळ घ्यायचं, त्याच्या घशाला बोटं लावायची. ‘ब्’ला घसा घुमतो, ‘प्’ला घुमत नाही. चूक सापडलीच म्हणून समजा. मुलांनाही तोच चाळा लागला होता. वाचन चाललं की मधूनच आपापल्या घशाला हात लावत. बाई म्हणत, करू देत बापडी.

मोठ्या बाई दुष्ट नव्हत्या. पण मुलांची चूक ऐकूच येत नसेल, तर पहिलीचा वर्ग ठेवायचा कसा? आज तास पाहून त्या ठरवणार होत्या. जमलं तर वर्ग राहणार, नाहीतर सोमवारपासून बाईंची रवानगी ग्रंथालयात.

पहिल्या मुलाने बरोबर वाचलं. मग सगळ्या वर्गाची लाडकी फटाकडी उभी राहिली. फळ्यावर ‘बॅट’ होतं. तिचे ओठ मिटले, उघडले. ‘ब्’ म्हणाली की ‘प्’? दोन्हीला ओठ सारखेच हलतात हो!

तेवढ्यात पुढच्या रांगेतले हात घशाला गेले. मग दुसऱ्या रांगेतले. सगळे डोळे बाईंवर. मघाशी बरोबर वाचलं तेव्हा तर एकही हात हलला नव्हता! बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

“घसा घुमला नाही गं. पुन्हा म्हण,” त्या म्हणाल्या.

“व्वा!” मोठ्या बाई उठून पुढे आल्या. “एवढ्या लांबून पकडलंत? मी उगाच काळजी करत होते. वर्ग तुमचाच.”

हो म्हणायला काय जात होतं? पण बाईंच्याने म्हणवेना.

“मी नाही पकडलं. यांनी सांगितलं मला.” त्या मुलांकडे वळल्या. “कधीपासून रे हे?”

“तुम्ही चुकलेल्याला शाबास म्हणालात ना, तेव्हापासून आमचं ठरलंय,” फटाकडी म्हणाली, अगदी ओठ उघडून, सावकाश.

“आणि मला बोलला नाहीत?”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

बाईंचे डोळे भरून आले. गुणांची माझी पोरं ती! सहा वर्षांची चिमुरडी वर्षभर आपल्याला पदराखाली घेऊन बसली होती, आणि आपल्याला पत्ता नाही.

“तुमचे उपकार कसे फेडू रे मी,” त्या म्हणाल्या. मग डोळे पुसून मोठ्या बाईंना म्हणाल्या, “सोमवारी नव्या बाईंना पाठवा. यांचे हात पेन्सिल धरायला मोकळे हवेत.”

मोठ्या बाईंनी त्यांचा हात घट्ट दाबला.

तास संपायला अजून वेळ होता.

“आजचा दिवस सांभाळून घ्या रे मला,” बाई वर्गाला म्हणाल्या, आणि पुढचा शब्द लिहायला फळ्याकडे वळल्या.