भागोजीचा नवा छकडा

"याचा आवाज कुठाय?" भिकूने विचारलं.

धर्मा सुताराने चाक पुन्हा एकदा गरकन फिरवलं. छकडा दोन ठोकळ्यांवर चढवून ठेवला होता, त्यामुळे चाक अधांतरी फिरत राहिलं आणि बराच वेळ थांबायचं नाव घेईना. ना कुरकुर, ना करकर. आम्ही सगळे कान लावून वाकलो तरी काही ऐकू येईना.

"तेच तर हाय," धर्मा म्हणाला. "पनवेलच्या लॉरीवाल्याकडनं बेरिंगं आनली. लाकडावर लाकूड घासतच न्हाय."

"पन आवाज नसंल तर बैलांना कळनार कसं, मागं गाडी हाय ते?"

भिकूचा टांगा होता. तो देवळापाशी निघाला की बंदरावर कळायचं. त्यामुळे बिनआवाजाची गाडी त्याच्या मनातून तिथेच उतरली. कान्हा कोळ्याचं मात्र उलटं. त्याला जगातली कुठलीही वस्तू होडीच्या हिशेबानेच दिसे. त्याने छकड्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, पुढचा दांडा खालून चाचपला आणि म्हणाला, "बांधनी झकास हाय. पन लय हलका वाटतो. लाट आली तर उलटंल."

"लाटेत न्यायचाच कशाला?" धर्मा वैतागला.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. आमच्या गावची जत्रा चैत्रात. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी ओहोटी लागली की पुळणीवर बैलगाड्यांच्या शर्यती होत. ओली, घट्ट वाळू, एका अंगाला समुद्र, एका अंगाला सुरूची झाडं आणि मध्ये जीव तोडून पळणारे बैल. गावात शौकिनांची वाण नव्हती. आम्हाला बैल पाळायची ऐपत नव्हती, गाडीत बसायची छाती नव्हती, पण मतं विचाराल तर प्रत्येकाकडे पोतंभर. मी त्यांतलाच एक. धंद्याने शिंपी, नाव दिनानाथ. माझं दुकान धर्माच्या अंगणाला लागून, म्हणून नवा छकडा पाहायचा पहिला मान माझा.

आणि छकडा होताच तसा. भागोजीचा जुना छकडा उंच, जाडजूड आणि बसणाऱ्याची हाडं खिळखिळी करणारा. हा त्याच्या निम्म्या वजनाचा. चाकांचे आरे बारीक, आख लोखंडी, बसायची जागा पार खाली, दोन चाकांच्या मध्ये. मागे टेकायला वाकवलेली फळी, पुढे पाय रोवायला आडवी पट्टी. कान्हाच्या होडीला लावून उरलेला लाल रंग त्याला दिलेला. सगळं अंग ओढून घेऊन उडी मारायच्या बेतात बसलेल्या मांजरासारखा तो दिसत होता. माझी तर नजरच हटेना.

"भागोजी आला," कोणीतरी म्हणालं आणि आम्ही बाजूला झालो.

भागोजी आमच्या गावचा भातशेतीवाला. अंगाने दांडगा, पन्नाशीला टेकलेला, बोलायला मोजका. हौशा आणि पाखऱ्या ही त्याची जोडी. कळायला लागल्यापासून तो गाडी हाकत आलेला. शर्यतीच्या दिवशी तो छकड्यावर उभा राहून उजवा हात आभाळात फेकायचा आणि "हाऽऽय" म्हणून ओरडायचा, त्यासरशी बायाबापड्यासुद्धा हातातलं काम टाकून बांधावर येत. भागोजीला एरवी कोणी विचारत नव्हतं, असं नाही. पण त्या एका दिवशी तो गावाचा राजा असे. बाकीचं वर्ष तो त्या दिवसाच्या आधाराने काढायचा, असं मला वाटतं.

मागच्या शर्यतीत त्याच्या गाडीचं चाक खड्ड्यात गेलं आणि तो फेकला गेला. खांद्याचं हाड मोडलं. पावसाळाभर गळ्यात झोळी होती. दिवाळीला म्हणाला, बरा झालो. आम्ही मान डोलावली.

त्याने छकड्याभोवती सावकाश फेरी मारली. चाकाच्या लोखंडी धावेवरून बोट फिरवलं. चेहरा लग्नातल्या वरबापासारखा खुलला होता. मग तो चढून बसला.

गुडघे त्याच्या हनुवटीपाशी आले. फळीने दोन्ही बाजूंनी कमरेला पकडलं. पाय रोवायची पट्टी टीचभर तरी जवळ होती.

माणूस दिसला की मला आधी त्याचं माप दिसतं, ही माझ्या धंद्याची खोड. मी धर्माकडे पाहिलं. हयातीत ज्याचं माप चुकलं नाही असा हा सुतार रंध्याची पाती पुसत बसला होता, आणि पाती चांगली स्वच्छ होती.

भागोजीने पाय पट्टीवर रोवून पाहिले. मग उतरला. "फर्मास झालाय," म्हणाला. भिकू आणि कान्हा आवाजावरून भांडत भांडत गेले. अंगणात आम्ही तिघेच उरलो.

"माप कुनाचं, धर्मा?" भागोजीने विचारलं.

धर्माने पाती उलटी करून पुन्हा पुसली.

"सदाचं?"

"वैनी आल्ती," धर्मा अखेर बोलला. "म्हनाली, सदाच्या मापाचा कर. मी न्हाय म्हनलं तर माझ्या उंबऱ्यावर बसली. उठंच ना."

"सदाला ठाव हाय?"

"न्हाय. बाजलं करून देतो म्हनलं आनि माप घेतलं."

सदा म्हणजे भागोजीचा धाकटा भाऊ. सडपातळ, अबोल. भागोजी हाकायचा तेव्हा सदा पुळणीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहायचा. धावत्या बैलांना शेवटी कोणीतरी ओळखीचं माणूस समोर लागतं, नाहीतर ते थांबत नाहीत. इतकी वर्षं तेच त्याचं काम. शर्यत झाली की सदा एकच गोष्ट सांगायचा, "दादा, हौशा म्होरं बघतच न्हाय. पाखऱ्याकडं बघत धावतो." आणि भागोजी दरवेळी म्हणायचा, "म्होरं न बघता कोन धावंल, येड्या?"

भागोजी निघून गेला. अंगणात उभं राहून मला एकदम आठवलं. दिवाळीला तो सदरा शिवायला आला होता. जन्मभर डोक्यातून घालायचा सदरा वापरणारा माणूस मला म्हणाला, "या खेपेला पार खालपर्यंत गुंड्या लाव. म्हमईची फ्याशन हाय म्हनतात." मी गावभर त्याची थट्टा केली होती. डोक्यातून सदरा काढायला हात वर जावा लागतो.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर भागोजी जुन्या छकड्याला वंगण घालत बसलेला. नव्याकडे ढुंकूनही बघेना. गावात कुजबुज सुरू झाली. भिकू म्हणाला, "मी बोललो व्हतो. आवाज न्हाय म्हनून त्याला पटला न्हाय." आपलं मत खरं ठरल्याचा त्याला फार आनंद झाला.

दुपारी कोकिळावहिनी दुकानात आली. भागोजीची बायको. हातात मांजरपाटाचा तुकडा. "सदाभावजींना सदरा शिवायचाय," म्हणाली.

मी कापड उलगडलं. "वहिनी, भागोजी जुनीच गाडी काढतोय."

"ठाव हाय. माझ्याशी बोलत न्हायत कालपास्नं."

"मग त्याला सरळ सांगायचं होतंस. गाडी बनवून दाखवायची म्हणजे..."

"सांगून ऐकलं असतं?" ती म्हणाली. "भावजी, रोज सकाळी त्यांचा हात मी बाहीत घालते. दार लावून. पोरीला पन म्हायीत न्हाय. त्यांनी रुसावं, मला शिव्या द्याव्यात. रुसलेला दादला मला चालंल. चौघांनी आडवा आनलेला न्हाय चालायचा."

एवढं बोलून तिने पदराने तोंड पुसलं आणि बाहीचं माप सांगायला लागली. मी खाली मान घालून लिहून घेतलं. बाईपुढे शिंप्याने रडलेलं बरं दिसत नाही.

शर्यतीच्या आदल्या सकाळी ओहोटीला भागोजीने जुना छकडा पुळणीवर आणला. मी आणि कान्हा तिथेच होतो. सदा नेहमीसारखा दुसऱ्या टोकाला उभा. भागोजीने हात वर केला नाही. नुसताच ओरडला. बैल सुटले.

निम्म्या वाटेपर्यंत सगळं ठीक चाललं. मग उजवा कासरा ढिला पडला. डावा हात ओढतोय आणि उजव्यात जोर नाही, म्हणून बैल डावीकडे वळले, थेट पाण्याकडे. भागोजी ओरडत होता, पण बैलांनी कासऱ्याचं ऐकायचं की आवाजाचं? छकडा लाटेत शिरला आणि बैलांच्या पोटाला पाणी लागलं. तिथे पाखऱ्याचा पाय घसरला. जुवासकट तो खाली गेला आणि त्याचं तोंड पाण्याखाली दिसेनासं झालं. हौशा मान ताठ करून जू वर धरायला बघत होता.

आम्ही धावलो, पण सदा आधी पोचला. त्याने पाण्यात बुडी मारून पाखऱ्याचं तोंड दोन्ही हातांनी वर उचललं, छातीशी धरलं. कान्हाने मानेभोवतीची जोती सोडली. बैल वर आले. पाखऱ्या थरथरत होता, नाकातून पाणी येत होतं.

भागोजी वाळूत बसला. त्याला काही लागलं नव्हतं. सदा त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला.

भागोजी म्हणाला, "उद्या नव्यात तू बस."

"मी?" सदा दचकला. "दादा, मी शेवटाला उभा राहनारा मानूस."

"मग मी राहतो उभा."

"मला जमनार न्हाय."

"गाडी तुझ्या मापाची हाय," भागोजी म्हणाला. "बाजलं न्हाय मिळायचं तुला. गाडीच घे."

सदाला त्यातलं काही कळलं नाही. कान्हालाही नाही. मी समुद्राकडे बघत उभा राहिलो.

शर्यतीच्या दिवशी पुळणीवर ही गर्दी. आसपासच्या गावांतल्या गाड्या आलेल्या. लाल छकडा दिसताच शौकीन तुटून पडले. कोणी म्हणालं खेळणं आहे, कोणी म्हणालं अशी गाडी मुंबईतसुद्धा नाही. आणि त्यात सदा बसलेला पाहून सगळ्यांची तोंडं बंद झाली. मला वाटलं, आता भागोजीला कोणी काहीतरी विचारणार. पण त्याने संधीच दिली नाही. गुंड्यांचा सदरा घालून तो पुळणीवरून दुसऱ्या टोकाकडे चालू लागला. मीही मागोमाग गेलो. आम्ही शौकीन कायम सुरुवातीला उभे राहणारे, मी त्या टोकाला कधी गेलो नव्हतो. तोही कधी पायी आला नव्हता.

टोकाला पोचल्यावर त्याने इकडेतिकडे पाहिलं. "सदा नेमका कुठं उभा राहतो रे?"

मी एका मोडक्या खुंटाकडे बोट दाखवलं. तो तिथे जाऊन उभा राहिला. थोडं पुढे, थोडं मागे, पहिल्यांदा शाळेत आलेल्या मुलासारखा.

लांबवर निशाण पडलं. तिथून गाड्या ठिपक्यांएवढ्या दिसत होत्या. मग कडकड, खडखड आवाज जवळ यायला लागला. भागोजी कान देऊन ऐकत होता. त्याच्या गाडीचा आवाज त्यात नव्हताच. त्यामुळे त्याने ऐकायचं सोडलं आणि नुसता बघत राहिला.

आणि मग ते दिसले. लाल छकडा वाळूला चिकटून येत होता, सदा त्यात इतका खाली की फक्त डोकं दिसत होतं. पुढे दोन बैल. पाखऱ्याची नजर सरळ, नाकपुड्या फुललेल्या. आणि हौशाने मान किंचित वळवलेली. तो समोर बघतच नव्हता. सबंध पुळणभर तो पाखऱ्याकडे बघत धावत आला.

जन्मभर भागोजीने आपल्या बैलांच्या पाठी पाहिल्या होत्या. धावताना त्यांची तोंडं तो पहिल्यांदाच पाहत होता. "अगं आई," तो हळूच म्हणाला. मला वाटतं, मी शेजारी आहे हे तो विसरला होता.

मग त्याने हात वर केला. डावा. उजवाही निघाला होता, पण खांद्यापाशी अडला. बैलांना एक हात पुरला. त्यांनी पाय रोवले, वाळू उडाली, आणि हौशाने आपलं फेसाळलेलं तोंड त्याच्या छातीवर आणून घासलं. सदऱ्याच्या दोन गुंड्या तुटल्या.

सदा उडी मारून उतरला. त्याला दम लागला होता. "दादा, कितवा आलो?"

"म्हायीत न्हाय."

"म्हंजे? तू तर हितंच व्हतास."

"मी हौशाकडं बघत व्हतो," भागोजी म्हणाला. "तू म्हनतोस ते खरं हाय."

मागून भिकू धापा टाकत आला, दुसरा नंबर, दुसरा नंबर असं सांगत. आवाज असता तर पहिला आला असता, हेही त्याने जोडलं. शौकिनांनी सदाला खांद्यावर घेतलं. तो लाजून नको नको म्हणत होता आणि पुन्हा पुन्हा मागे वळून भावाला शोधत होता.

भागोजी बैलांना घेऊन पाण्यात गेला होता. गर्दीतून वाट काढत कोकिळावहिनी काठाला येऊन उभी राहिली. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "गुंड्या तुटल्यात. लावून दे." एवढंच. ती हसली आणि साडी भिजू देत पाण्यात उतरली.

गुडघाभर पाण्यात उभा राहून तो डाव्या हाताने बैलांच्या अंगावर पाणी मारत होता. उजवा हात त्याने हौशाच्या वशिंडावर ठेवला होता. तेवढ्या उंचीपर्यंत तो जात होता.